हातावर ठेवलेला कागद

"हात पुढं कर," डॉक्टर म्हणाले.

माझ्या बापानं दोन्ही हात पुढं केले. पंजे पालथे, बोटं ताठ. डॉक्टरांनी खिशातल्या पॅडमधून औषधाच्या चिठ्ठीचा एक कोरा कागद फाडला आणि तो आबांच्या उजव्या पंजावर ठेवला.

कागद थरथरायला लागला.

पॅसेजमधल्या बाकांवर पेशंटचे नातेवाईक बसले होते. त्यांतलं कुणीतरी हसलं. मग दुसरं कुणीतरी. आबांनी हात आवळून धरायचा प्रयत्न केला, तसा कागद जास्तच हलला आणि खाली पडला. ते उचलायला वाकले.

"राहू दे," डॉक्टर म्हणाले. "हात हलत असेल तर माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही. जा, म्हशी भादर."

मी बारा वर्षांची होते. शाळेला सुट्टी होती. आबा तुरटी घरी विसरले होते, ती द्यायला म्हणून मी धावत आले होते. तुरटीचा खडा माझ्या मुठीत होता. घामानं त्याला पाणी सुटलेलं.

आम्ही न्हावी. गाव कोडोली, पण आजोबांच्या माघारी आबा कोल्हापुरात आले. लिंबाच्या झाडाखाली एक खुर्ची, फांदीला टांगलेला आरसा, एवढंच त्यांचं दुकान. आणि रोज सकाळी या हॉस्पिटलातलं काम. ऑपरेशनच्या पेशंटच्या पोटावरचे, मांडीवरचे केस काढायचे. त्याला तिथं 'तयारी' म्हणत. मागच्या जिन्यानं वर जायचं, तयारी करायची, मागच्या जिन्यानं खाली यायचं. पुढच्या दारानं आबा कधी गेले नाहीत. कुणी नको म्हटलं होतं असंही नाही. सांगावं लागतच नव्हतं.

त्या दिवशी पेशंट म्हातारा होता. वस्तरा बेंबीच्या खाली असताना त्याला खोकल्याची उबळ आली. नखाएवढं कापलं. रक्ताचा एक ओघळ आला, बस्स. आबांनी हे डॉक्टरांना सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. मोठ्या डॉक्टरांसमोर त्यांच्या तोंडातून शब्दच फुटत नसे. आणि हात हलला तो भीतीनं. साऱ्या बाकांसमोर तुमचा पंजा कुणी कागद ठेवून तपासला, तर तुमचा हलणार नाही काय?

घरी येताना आबा एकच म्हणाले, "आईला सांगू नगंस."

सांगावं लागलं नाही. न्हाव्याच्या हाताची बातमी त्याच्या आधी घरी पोचते. 'हात हलतोय म्हणून दवाखान्यातनं काढला' असं आळीभर झालं. झाडाखालची खुर्ची रिकामी राहायला लागली. गळ्याला वस्तरा लावून घ्यायचा म्हणजे विश्वास लागतो, आणि तो एका कागदानं गेला होता. मग आबा खरंच म्हशी भादरायला लागले. गवळ्यांच्या गोठ्यात जायचं, म्हैस बसवायची, पाणी मारायचं, अंगभर वस्तरा फिरवायचा. अंगाला, कपड्यांना काळे केस चिकटलेले असायचे. ते माझ्या दप्तरातसुद्धा निघायचे. वर्गात माझ्या बाकावर कुणी बसत नव्हतं. आई चार घरची धुणी धरत होती, ती सहा घरची झाली.

आमच्यात एक रीत आहे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की घरातला वस्तरा धरणारा प्रत्येक पुरुष फुगा भादरतो. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा, आणि तो फेस वस्तऱ्यानं साफ उतरवायचा. फुगा फुटला नाही तर आणखी एक वर्ष हात चालला. फुटला तर वस्तरा मिटून देवापुढं ठेवायचा आणि पोराच्या हातात द्यायचा. कुणी रडत नाही, कुणी रागावत नाही. फुटला की पोरं टाळ्या वाजवतात. आजोबांचा फुगा फुटला तेव्हा म्हणे तेच सगळ्यांत मोठ्यानं हसले होते. नंतर गावातली जुनी माणसं घरी यायची. "तात्या, तुमच्याच हातची दाढी पायजे." आजोबा म्हणायचे, "माझा हात संपला. पोराकडं बसा."

त्या वर्षीच्या खंडेनवमीला आम्ही कोडोलीला गेलो. सगळ्या भावकीला बातमी लागलेली. आबांची पाळी आली तेव्हा पोरंसुद्धा गप्प झाली. आबांनी लाल फुगा घेतला. फेस लावला. वस्तरा पट्ट्यावर घासला. आई चुलीपाशी होती, तिनं तोंड फिरवलं.

नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. फेस सगळा उतरला. फुगा तसाच, तुकतुकीत.

थोरले काका म्हणाले, "जा, घिऊन जा ह्यो फुगा. दाखीव जा त्या डॉक्टरला."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. फुगा त्यांनी कोल्हापूरला आणला आणि खिळ्याला टांगला. रोज थोडा थोडा सुकत तो अंजिराएवढा झाला. आईनं एक दिवस झाडलोट करताना काढून टाकला. डॉक्टरांना तो कुणी दाखवला नाही. न्हाव्याच्या दाखल्याला विचारतंय कोण?

मी बी. एस्सी. नर्सिंग झाले. आमच्या घरातली पहिली पदवी. कोडोलीत आमच्या आळीतली पण पहिलीच. हे मी सांगत राहते, सांगणारच. शिष्यवृत्ती होती, पण चार वर्षं नुसती शिष्यवृत्तीवर निघत नाहीत. आईच्या हाताची सालं निघाली होती.

दोन वर्षं दुसरीकडं काम केलं. मग आबांना काढलेल्या त्याच हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरसाठी सिस्टर पाहिजे असं कळलं. मैत्रीण म्हणाली, "तिथं कशाला जातीस? दुसरी न्हाईत काय हॉस्पिटलं?" मला तिथंच जायचं होतं. पुढच्या दारानं. पहिल्या दिवशी मी पुढच्या जिन्यानं चपला वाजवत वर गेले. मोठ्या डॉक्टरांनी माझी कागदपत्रं बघितली आणि म्हणाले, "मार्क चांगले आहेत." त्यांनी मला ओळखलं नव्हतं. ओळखण्यासारखं त्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात थिएटरच्या मोठ्या सिस्टरनी मला बाजूला घेतलं. वीस वर्षं तिथं काढलेली बाई. म्हणाल्या, "बाकी सगळं तुझ्या पुस्तकात असंल. ह्ये न्हाय." आणि त्यांनी मला टेकू शिकवला.

मोठ्या डॉक्टरांचा उजवा हात हलत होता. सत्तरी ओलांडली होती त्यांनी. आत खोल गाठ मारायची असली, रक्तवाहिनीजवळ सुरी न्यायची असली, की समोर उभ्या असलेल्या सिस्टरनं आपला डावा पंजा त्यांच्या मनगटाखाली द्यायचा. घट्ट धरायचं नाही, नुसता आधार. त्यांचा हात हलला की आपला हात तो झटका खातो. याला थिएटरात 'टेकू' म्हणत. सकाळी यादी लागली की हळूच विचारायचे, "आज टेकूला कोण?" हात हलतो हा शब्द मात्र कुणी उच्चारत नव्हतं. भुलीचे डॉक्टर त्या वेळी मॉनिटरकडं बघत. साहेबांचा चहा नेहमी अर्धा कप भरायचा, हे कँटीनच्या मावशींनाही माहीत होतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त टेबलावर झोपलेल्या माणसाला सोडून.

आणि मी काय केलं? मी चांगला टेकू झाले. इतका चांगला, की साहेब माझंच नाव घ्यायला लागले. "ती नवीन सिस्टर कुठाय? तिला बोलवा." मला अभिमान वाटायचा. घरी येऊन मी आबांना सांगितलं, "साहेब मलाच बोलवत्यात." आबांनी ते झाडाखाली चार जणांना सांगितलं. ज्या हातानं माझ्या बापाच्या पंजावर कागद ठेवला, तो हात आता माझ्या पंजावर चालत होता. मला वाटायचं, जिंकले मी. दोन वर्षं मला असंच वाटत होतं. ही माझी चूक. ती दुसऱ्या कुणाच्या नावावर मी टाकत नाही.

मग आबांना हर्निया झाला.

म्हशीला बसवताना जोर लागायचा, त्यातून झालं असणार. कुणाकडून तरी साहेबांच्या कानावर गेलं. हात धुता धुता ते मला म्हणाले, "सिस्टर, वडिलांना घेऊन ये. मी करतो. फी द्यायची नाही." मनापासून म्हणाले. हेही मला लिहिलं पाहिजे. माणूस सगळ्याच बाजूंनी वाईट असता तर काम सोपं झालं असतं.

मी घरी सांगितलं नाही. मोठ्या सिस्टरनी घरी फोन करून सांगून टाकलं. घरी गेले तर आबा नवा शर्ट घालून बसलेले.

"कवा जायचं?" त्यांनी विचारलं.

"कुठं?"

"साहेबांकडं. सोता बोलीवलंय म्हनं." मग म्हणाले, "पुढच्या दारानं जायचं न्हवं?"

मी म्हणाले, "आबा, तिथं न्हाय करायचं. मी दुसरीकडं नंबर लावलाय."

"का? फुकट करतोय की त्यो."

"तिथं न्हाय म्हटलं न्हवं."

आबा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी माझ्या डाव्या हाताकडं बघितलं. हात हा त्यांचा धंदा. मी बोलले नसते तरी त्यांना कळलं असतं.

"हात हलतोय व्हय त्येचा?"

मी मान हलवली.

"कवापासनं?"

"मी जायच्या आधीपासनं. आम्ही खालनं आधार देतो."

आबांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. पायांकडं बघत म्हणाले, "म्हंजे तुझ्या बापाला त्या टेबलावर घालाय तू तयार न्हाईस. आन दुसऱ्याच्या बापाला रोज घालतीस."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. मी आत गेले, बाहेर आले, पाणी प्याले, पुन्हा आत गेले. एका जागी बसवेना. चुलीवरचा भात करपला.

दुसऱ्या दिवशीच्या यादीत राधानगरीकडचा एक माणूस होता. दुधाचा धंदा करणारा, चाळिशीचा. पित्ताशय काढायचं होतं, पोट उघडून. मी त्याची तयारी बघायला गेले. आता तयारी मशीननं होते, वॉर्डबॉय करतो. तो माणूस हसून म्हणाला, "सिस्टर, मोठ्या साहेबांचाच हात हाय न्हवं? त्येनीच करायचं म्हणून आलोय बगा एवढ्या लांबनं."

मी त्याच्या अंगावरची चादर नीट केली आणि बाहेर आले.

त्याला भूल द्यायच्या आधी मी हात धुवायच्या जागी गेले. साहेब कोपरापर्यंत साबण लावत होते. मी म्हणाले, "साहेब, मी आजपासून टेकू देणार नाही. तुमचा हात हलतोय. तपासून घ्या."

नळ चालू होता. ते साबण लावतच राहिले. मोठ्या सिस्टर दारात येऊन थांबल्या. भुलीचे डॉक्टर आपल्या पायांतल्या चपलांकडं बघायला लागले.

"काय नाव म्हणालीस तुझ्या वडिलांचं?" साहेबांनी विचारलं.

मी सांगितलं. कुठं काम करत होते, तेही सांगितलं. मागचा जिना, तयारी, सगळं. तेव्हा कुठं त्यांना आठवलं, किंवा आठवलं असं त्यांनी दाखवलं.

"न्हाव्याची पोर," ते म्हणाले. "न्हाव्याची पोर मला हात शिकवणार." मग मोठ्या सिस्टरकडं वळून, "हिची टोपी आणि ओळखपत्र काढून घ्या. आणि मागच्या जिन्यानं जाऊ दे."

टोपी मी स्वतः काढली. ओळखपत्र बेसिनवर ठेवलं. आणि पुढच्या जिन्यानं उतरले.

त्या दिवशी मोठ्या सिस्टरनी टेकू दिला. राधानगरीच्या माणसाला काही झालं नाही. आठ दिवसांनी तो आपल्या पायांनी घरी गेला. हे मी मुद्दाम लिहिते. पुढं मला सगळ्यांनी हेच तोंडावर मारलं.

डॉक्टरांच्या नावांची नोंद ठेवणारी परिषद असते. कोण डॉक्टर काम करायला लायक आणि कोण नाही, हे तिथं ठरतं असं पुस्तकात शिकले होते. मी मुंबईला फोन लावला. पलीकडं एक क्लार्क होता.

"पेशंट तुमचे कोण?"

"कुणी नाही. मी सिस्टर होते तिथं."

"पेशंट दगावला का?"

"नाही."

"काही इजा?"

"नाही."

"मग बाई, तक्रार कशाची?"

"दगावायच्या आधी करतेय."

माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "हात थरथरतो असा रकाना नाही अर्जात. गैरवर्तनाखाली टाका. प्रतिज्ञापत्र करा, नोटरी करा, प्रती जोडा. आणि जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहा."

मी तेवढंच लिहिलं. किती वेळा टेकू दिला, कुठल्या प्रकारच्या ऑपरेशनला दिला, हात कधी जास्त हलायचा, हात थांबायला साहेब जी गोळी घेत तिनं तो किती वेळ थांबायचा. मी दोन वर्षं हे केलं आणि गप्प बसले, हेही लिहिलं. नोटरीकडचा वकील म्हणाला, "ताई, हे वाक्य काढा. तुमच्यावरच उलटेल." मी काढलं नाही.

मग वाट बघणं. महिन्यांमागून महिने. नवीन नोकरी मिळेना. मुलाखतीला गेलं की नाव ऐकून समोरचा फाईल बंद करायचा. या गावात बातमीला रस्ता विचारावा लागत नाही. ज्या गवळ्याकडं आबा जात होते, तो दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "माझी बायकू त्या हातानं वाचीवलीया. लाज वाटाय पायजे तुमाला." खोटं बोलत नव्हता. तीस-पस्तीस वर्षं तो हात चांगला होता. अख्ख्या जिल्ह्यात तसा हात नव्हता. म्हणूनच तर तो हलायला लागल्यावर कुणाला बोलवेना. मी गवळ्याला म्हणाले, "मामा, वाचीवली तवा हलत नव्हता." त्यानं आबांना गोठ्यात येऊ नका म्हणून सांगितलं.

मधल्या काळात आबांचं ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलात झालं. तयारीला पोरगा मशीन घेऊन आला, तर आबा म्हणाले, "ठेव तिकडं. माझी मी करतो." आडवे पडून, आरशात बघत, वस्तऱ्यानं स्वतःची तयारी त्यांनी स्वतः केली. एक ओरखडा नाही. पोरगा बघतच राहिला. मी दारात उभी होते.

सुनावणीचं पत्र आलं तेव्हा आबा म्हणाले, "मी बी येतो." आईनं भाकऱ्या बांधून दिल्या. मुंबईत त्या इमारतीत आबांना बाहेरच्या बाकावर बसवलं. त्यांनी विचारलं, "आत येऊ का?" शिपाई नाही म्हणाला.

आत लांब टेबल. समोर पाच जण, सगळे डॉक्टर. एका बाजूला मोठे साहेब, शेजारी त्यांचे वकील. साहेबांनी कोट घातला होता. दोन्ही हात टेबलाखाली, मांडीवर. सगळ्यांच्या समोर पाण्याचे ग्लास भरून ठेवले होते.

वकिलांनी राधानगरीच्या माणसापासून सुरुवात केली. त्याचं पत्रच आणलं होतं, मी ठणठणीत आहे म्हणून. मग इतर पेशंटची पत्रं. मग माझ्याकडं वळले.

"तुम्हाला कामावरून काढलं, बरोबर?"

"व्हय."

"त्याआधी तुमच्या वडिलांनाही काढलं होतं. ते तिथं न्हावी होते."

"व्हय."

"म्हणजे हा सूड आहे."

मी ठरवून शुद्ध बोलायला गेले होते. चार वर्षं कॉलेजात शिकलेलं सगळं त्या क्षणी गळून पडलं. मी म्हणाले, "राग हाय. न्हाय कशाला म्हणू? पण माझ्या रागानं त्यांचा हात हलत न्हाय. मी राग करायच्या आधीपासनं हलतोय."

मग मी पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "साहेबांनी माझ्या वडिलांची परीक्षा घेतली होती. हात पुढं करायला लावून वर कागद ठेवला, साऱ्या लोकांसमोर. म्हणाले, हात हलत असेल तर माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही. बरोबर बोलले होते. तीच परीक्षा त्यांची घ्या. मला दुसरं काही नको."

अध्यक्ष ताडकन म्हणाले, "बाई, हा एका ज्येष्ठ डॉक्टरांचा अपमान आहे."

"व्हय साहेब, अपमानच हाय," मी म्हणाले. "म्हणून तर पंधरा वर्षं लक्षात राहिलाय."

अध्यक्षांनी पुढ्यातल्या फायलीतून एक पत्र काढलं. परिषदेनं थिएटरातल्या सगळ्यांना लिहून विचारलं होतं. भुलीच्या डॉक्टरांनी 'असे काही निदर्शनास आले नाही' असं कळवलं होतं. मोठ्या सिस्टरनी एकच ओळ पाठवली होती. अध्यक्षांनी ती वाचली: 'सिस्टरने सांगितलेली टेकूची रीत खरी आहे, ती मीच तिला शिकवली.'

मी साहेबांकडं बघितलं. ते समोर भिंतीकडं बघत होते.

पाच जणांत एक बाई होत्या, मेंदूच्या डॉक्टर. त्या साहेबांना म्हणाल्या, "सर, पाणी घ्या ना."

"नको," साहेब म्हणाले.

"उकडतंय फार. घ्या थोडं."

ग्लास काठोकाठ भरलेला होता. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. हात टेबलाखालून वर आले नाहीत. वकील पाणी पुढं सरकवायला गेले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे."

मग त्यांनी माझा कागद उचलला, घडी केली आणि मला परत दिला. "याची गरज नाही," त्या म्हणाल्या. "तीन डॉक्टरांचं मंडळ यांची तपासणी करेल. बंद खोलीत. अहवाल फक्त परिषदेकडं येईल. तोपर्यंत शस्त्रक्रिया नाही." अध्यक्षांनी मान हलवली. बाकीच्यांनी सह्या केल्या.

बाहेर आबा बाकावर तसेच बसले होते, चपला काढून. मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"बंद खोलीत म्हनं?"

"व्हय."

"लोकं नसत्यात तितं?"

"फक्त तीन डॉक्टर."

आबांनी चपला घातल्या. म्हणाले, "मला बी बंद खोलीच द्याय पायजे हुती."

आयुष्यात पहिल्यांदा माझा बाप त्या दिवसाबद्दल बोलला. बसस्टँडपर्यंत आम्ही दोघं चालत गेलो. भाकरी खायची राहिली.

काही आठवड्यांनी निकाल आला. मंडळानं तपासलं, हात शस्त्रक्रियेला लायक नाही असं लिहिलं. पेशंट तपासायला, औषध द्यायला हरकत नाही. पुन्हा शस्त्रक्रिया करायची असल्यास पुन्हा तपासणी. साहेबांनी पुन्हा तपासणी मागितली नाही. ते अजून ओपीडीत बसतात, लोक अजून त्यांच्या पाया पडतात. माझ्या बापाची माफी त्यांनी मागितली नाही. मला फोन केला नाही. गवळ्यानं आबांना परत बोलावलं नाही. पेपरात एक ओळ आली नाही. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या, रस्त्यात दिसल्या की मान खाली घालून जातात. मी थांबवते त्यांना, बोलते. दोन वर्षं आम्ही दोघींनी एकच काम केलं होतं.

आता मी दुसऱ्या एका हॉस्पिटलात थिएटरची प्रमुख आहे. तिथं रुजू होताना मी एकच अट घातली, आणि ती लेखी घेतली. थिएटरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचे हात आणि डोळे वर्षातून एकदा तपासायचे. सर्जनचे, भुलीच्या डॉक्टरांचे, माझे, तयारी करणाऱ्या पोराचेसुद्धा. बंद खोलीत. पॅसेजमध्ये कुणाचा हात पुढं करून घ्यायचा नाही. सर्जन कुरकुरले. एक जण म्हणाला, "सिस्टर, आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हणाले, "आमच्यात वस्तरा धरणाऱ्या हातावर बी ठेवत न्हाईत, दर वर्साला बघून घेत्यात." तो सगळ्यांत आधी तपासून आला.

गेल्या खंडेनवमीला कोडोलीत आबांचा फुगा फुटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आबा हसले, वस्तरा मिटला, देवापुढं ठेवला. मग इकडंतिकडं बघून त्यांनी तो उचलला आणि माझ्या हातात दिला. आमच्यात बाईच्या हातात वस्तरा देत नाहीत. थोरले काका म्हणाले, "अरं, ती पोरगी हाय." आबा म्हणाले, "हात बघ की तिचा."

मी फुगा घेतला. फेस लावला. सगळा उतरवला. फुटला नाही.

दर वर्षी भादरणार. ज्या वर्षी फुटेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टोपी काढून ठेवीन, कुणी सांगायची वाट बघणार नाही. तोपर्यंत माझा हात पेशंटच्या कामाला आहे. कुणाच्या हलत्या मनगटाखाली तो पुन्हा जाणार नाही.

त्या टेबलावर आता मोठे डॉक्टर ऑपरेशन करत नाहीत. न्हाव्याच्या पोरीनं अर्ज केला म्हणून.